पिवळा कॅन परत आला

मी एक पिवळा कॅन बोलतोय. वीस लिटरचा, प्लॅस्टिकचा, बूच दोरीनं कानाला बांधलेला. हसू नका. आपली कहाणी सांगायचा मान नदीला मिळतो, वडाच्या झाडाला मिळतो, गेला बाजार मोडक्या खुर्चीलाही मिळतो. कॅनला कोण विचारतो, हे मला ठाऊक आहे. पण मी जे पाहिलं ते जवळून पाहणारे आम्ही तिघेच होतो. त्यातले दोघे आता नाहीत. त्यामुळे ऐकायचं तर माझंच ऐकावं लागेल.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला सांगता येत नाही. गरम साचा, आत घुसलेली जोराची हवा आणि रांगेत उभे केलेले माझे शेकडो पिवळे भाऊ, एवढंच आठवतं. पोटात खायचं तेल भरलं, बूच लावलं आणि एका मोठ्या जहाजातून आम्हाला अरबांच्या मुलखातल्या हुदैदाच्या बंदरात उतरवलं. जहाजांशी माझं वैर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्या किनाऱ्यावर पीठ, साखर, चहा, तेल, सगळं जहाजातूनच येतं. जहाजं बुडवायला निघालेलेही त्याच पिठाची रोटी खाऊन निघतात.

तेल संपलं की कॅनचं खरं आयुष्य सुरू होतं. माझं तेल जलीलाच्या लग्नात संपलं. माशांच्या तळणीत आणि भाताच्या हंड्यांत मी दुपारपर्यंत रिकामा झालो, आणि मग मला कोण नेणार यावरून दोन मावश्यांची अशी जुंपली की नवरीची आई मध्ये पडली. "हा माझ्या पोरीचा," ती म्हणाली. "सासरची विहीर लांब आहे." त्यामुळे जलीला सासरी आली तेव्हा तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी होती, दोन चटया होत्या आणि मी होतो.

सासर म्हणजे किनाऱ्यालगतची गवताची गोल झोपडी, समोर खाट, बाजूला एक शेळी आणि रोटीची भट्टी. घरात माणसं तीन. जलीला, तिचा नवरा फुतैनी आणि सासरा मुकबिल, ज्याला ती काका म्हणायची. पुढे नवाल जन्मली. ती चालायला लागल्यावर मला आडवा करून माझ्यावर गाढवासारखी बसायची आणि टाचा मारायची. मला राग यायचा नाही. पोटात पाणी नसताना कुणी तरी जवळ बसलं की बरं वाटायचं.

जलीला रोज सकाळी मला घेऊन खजुरांच्या पलीकडच्या विहिरीवर जायची. तिथे बायकांचे कॅन रांगेत उभे राहत. कुणाचा तळाशी वितळवून सांधलेला, कुणाचं बूच हरवून चिंधी कोंबलेली. मी मात्र धडधाकट. जलीलाला माझा फार गर्व होता. "लग्नातला आहे," असं ती नवीन आलेल्या बाईला आवर्जून सांगायची. माणसांना एवढ्या तेवढ्याचा गर्व लागतो, तो पुरतोही.

फुतैनी मासे धरायचा. त्याचा मेहुणा शौई, म्हणजे जलीलाचा धाकटा भाऊ, त्याच्याबरोबर होडीवर असे. म्हातारा मुकबिल आता समुद्रावर जात नव्हता. त्याचे डोळे दुधाळ झाले होते. पण खजुरीच्या पात्याची उंच टोपी घालून तो दिवसभर खाटेवर बसायचा आणि फाटलं जाळं नुसत्या बोटांनी चाचपून सांधायचा. बोट फिरवलं की सांगायचा, "हे खडकानं फाडलंय. हे कासवानं. हे शौईनं, गाढवानं ओढताना पाय दिलाय." शौई हसून कबूल करायचा.

म्हाताऱ्याची एक शिकवण होती. ती मी हजार वेळा ऐकली असेल.

"जहाज जाळ्यावर येताना दिसलं तर पळायचं नाही," तो म्हणायचा. "सरळ त्याच्या तोंडावर जायचं. होडीत उभं राहायचं. वल्ह्याला लुंगी बांधून वल्हं उंच धरायचं. वर बसलेला माणूसच आहे. त्याला कळतं खाली जाळं आहे. तो वळवतो."

आणि खरोखर वळवत असत. त्या किनाऱ्यावर सगळे हेच करत. जाळं पाण्यात दिसत नाही. होडी दिसते, माणूस दिसतो. म्हणून जाळ्यासाठी माणसानं पुढे व्हायचं. एकदा एका जहाजानं नुसतं वळण घेतलं नाही, तर वरून खलाशांनी सफरचंदांची पिशवी खाली सोडली होती. मुकबिल ती गोष्ट सांगताना शेवटी हाताची ओंजळ करायचा. "एवढी मोठी. लाल. नवालच्या आजीनं बिया पेरल्या. उगवलं काही नाही, पण पेरल्या."

मग जहाजांवर हल्ले सुरू झाले.

डोंगराकडून आलेल्या बंदूकवाल्यांचा अंमल किनाऱ्यावर आधीच होता. आता ते वेगवान होड्या घेऊन समुद्रात जाऊ लागले. किनाऱ्यामागून काही तरी सुसाट उडायचं आणि लांब क्षितिजावर काळा धूर उभा राहायचा. चहाच्या टपरीवर कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी मान खाली घालून कप बघत बसलं. फुतैनी घरी येऊन जलीलाला म्हणाला, "त्या जहाजावरचा स्वयंपाकीसुद्धा कुणाचा तरी जावई असेल गं."

"हळू बोला," ती म्हणाली.

मग त्यांना उत्तर द्यायला राखाडी युद्धनौका आल्या. हेलिकॉप्टरं आली. बंदराकडे स्फोट होत, तेव्हा इकडे झोपडीत माझ्या पोटातलं पाणी थरथरायचं. बंदूकवाल्यांनी किनाऱ्याजवळच्या पाण्यात सुरुंग टाकले आणि तिथे मासेमारीला बंदी घातली. म्हणजे मासेमारांनी लांब जायचं, जिथून जहाजांची वाट जाते तिथे. बंदूकवाल्यांच्या होड्या आणि गावच्या होड्या एकाच कारागिरानं बनवलेल्या, तोच निळा पट्टा, तेच इंजिन. त्यांनी गावातल्या दोन होड्या उचलूनही नेल्या. वरून बघणाऱ्याला कोण कोण आहे ते कसं कळावं? मला तर बाजूला उभं राहूनही कळायचं नाही.

युद्धनौकांना पाण्यात तरंगणारी प्रत्येक वस्तू सुरुंग वाटू लागली. फुतैनीच्या जाळ्याचा मोठा नारिंगी बोया, म्हणजे जाळं कुठे आहे ते दाखवणारा तरंगता गोळा, त्यांनी लांबूनच गोळ्या घालून फोडला. दुसरा मिळेना. तेव्हा त्याची नजर माझ्यावर गेली.

"हा रिकामा छान तरंगेल," तो म्हणाला.

जलीला भट्टीवरून उठलीच. "खबरदार हात लावाल तर! पाणी काय पदरात आणू?"

"चार दिवस फक्त. दुसरा मिळाला की परत."

"तुमचे चार दिवस माहीत आहेत मला. शेळीला चार दिवसांत दावं आणणार होतात, ती अजून माझ्या ओढणीला बांधलीय."

शौई मध्ये बोलला, "ताई, मी तुला माझ्या घरचा कॅन आणून देतो."

"तुझा गळका. त्यातलं पाणी विहिरीपासून घरापर्यंत वाटेला पाजत येऊ का मी?"

म्हातारा हसला. सगळेच हसले. जलीलानं हातावरचं पीठ झटकलं. मग ती नवऱ्याला म्हणाली, "कॅन न्या. पण आधी एक शपथ घ्या. जहाज आलं तर त्याच्यावर जायचं नाही. जाळं सोडायचं आणि यायचं. काकांच्या वेळची जहाजं आता नाहीत. आता वर बंदुका घेऊन बसलेत. वल्हं खांद्यावर घेतलंत तर त्यांना ते वल्हं दिसेल का?"

फुतैनीनं बापाकडे पाहिलं.  म्हाताऱ्याच्या बोटांतली दोरी थांबली.

"नवालच्या डोक्यावर हात ठेवून म्हणा."

त्यानं ठेवला. "जाळ्यासाठी जाणार नाही," तो म्हणाला.

नंतर त्यानं डांबर घेऊन माझ्या दोन्ही बाजूंना एकेक मासा काढला. मासा कसला, तळलेल्या मिरचीसारखा दिसत होता. "आता आंधळ्यालाही कळेल की हा कोळ्याचा आहे," तो खुशीत म्हणाला. मला तेव्हा वाटलं, बरं केलं. मीही मूर्खच.

मी पाण्यावर जाऊ लागलो. इतकी वर्षं पाणी माझ्या पोटात होतं, आता मी पाण्यावर. जाळ्याच्या टोकाला मला बांधत, आणि दोघं माझ्याजवळच होडी ठेवून पहाटेची वाट पाहत. मासे फार मिळत नव्हते, पण मिळत होते. बोया काही मिळत नव्हता. मधल्या दिवसांत मी घरी असलो की जलीला मला गोड्या पाण्यानं घासायची, भरायची, आणि निघताना रिकामा करून शौईच्या हातात द्यायची. देताना दर वेळी एकच वाक्य. थट्टेनंच म्हणायची, पण म्हणायची.

"जाळं नाही आणलंत तरी चालेल. माझा कॅन परत आणा."

त्या दिवशीही तेच म्हणाली.

सकाळ अगदी निवांत होती. वारा नाही, लाट नाही. दोघं होडीत बसून थर्मासमधला चहा पीत होते. शौई नवालची नक्कल करत होता, ती माझ्यावर बसून टाचा कशी मारते त्याची. तेवढ्यात दक्षिणेकडून जहाज दिसलं. नेहमीची वाट सोडून, भ्यायलेलं जनावर कुंपणाच्या कडेनं पळतं तसं, आमच्या बाजूनं येत होतं. त्याच्यावर एक हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं.

शौई वल्ह्याकडे वळला. फुतैनी म्हणाला, "ठेव ते. दोर सोड. निघायचं."

"आणि जाळं?"

"जाऊ दे जाळं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवलाय मी."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यानं होडीचा दोर सोडला, इंजिन चालू केलं आणि किनाऱ्याकडे तोंड केलं. बापानं आणि नवऱ्यानं जे करावं ते त्यानं केलं. मी बघत होतो आणि मला हायसं वाटत होतं. जाळं गेलं असतं, मीही गेलो असतो. कॅनचं काय एवढं? दोघं घरी पोचले असते.

ते बरेच पुढे गेले होते. मग इंजिनाचा आवाज खाली आला. सपाट पाण्यावरून बोलणं लांबवर ऐकू येतं. शौईचा आवाज आला, "दाजी, कॅन राहिला! ताई आज आपल्याला घरात घेईल का?"

"मरू दे कॅन," फुतैनी म्हणाला.  मग तो हसला. ते हसणं अजून माझ्या पोकळ अंगात घुमतं. "दोर कापून उचलायचा. दोन मिनिटांचं काम. जाळ्याची शपथ घेतलीय, कॅनची कुठे घेतलीय?"

होडी वळली.

मी त्यांच्या आणि जहाजाच्या मध्ये होतो. माझ्याकडे यायचं म्हणजे जहाजाकडेच यायचं. जहाज मला आधी गाठेल म्हणून फुतैनीनं इंजिन पूर्ण वेगात सोडलं. निळ्या पट्ट्याची होडी, सुसाट, सरळ जहाजाच्या रोखानं. आता तुम्हीच सांगा, वरच्या माणसाला काय वाटलं असेल?

जहाजाचा भोंगा वाजला. हेलिकॉप्टर पुढे झालं. वरून कर्ण्यातून कुणी तरी काही तरी ओरडलं, इंजिनाच्या आवाजात एक शब्द कळला नाही. होडीपुढे पाण्यात गोळ्यांची एक ओळ उठली. तेव्हा फुतैनीनं वेग कमी केला, आणि शौई उभा राहिला. त्याला वाटलं असणार, आपण कोण ते दाखवावं म्हणजे झालं. म्हाताऱ्यानं लहानपणापासून अंगात भिनवलेलं त्याच्या हातांनी आपोआप केलं. त्यानं लुंगीचं टोक वल्ह्याला गुंडाळलं आणि वल्हं खांद्यावरून उंच धरलं.

पुढचं मी सांगणार नाही. फार वेळ लागला नाही.

जहाज वळलं नाही. ते जाळ्यावरून गेलं, त्याच्या पाण्याखालच्या पंख्यानं जाळं कापलं, आणि मी फेसात उलटापालटा झालो. वर आलो तेव्हा जहाजाच्या मागच्या कठड्याशी केशरी कपड्यातला एक खलाशी दिसला. दोन्ही हात डोक्यावर ठेवून तो पाण्याकडे बघत होता. पाण्यावर थर्मास होता, एक चप्पल होती, तेल होतं आणि मी होतो. त्याला माझ्या अंगावरचा मासा दिसला असेल का? दिसला असेल असं मला वाटतं. पण तो काय करणार? तोही कुणाचा तरी जावई.

चौथ्या दिवशी मी जाळ्याच्या तुकड्यासकट किनाऱ्याला लागलो. शेजारच्या माणसानं मासा ओळखला आणि मला घरी आणलं. दोघांतलं कुणी परत आलं नव्हतं. जलीलानं मला पाहिलं आणि दोर सोडवला, विहिरीवर नेलं, भरून आणलं आणि सावलीत ठेवलं. मय्यतीला अंघोळ घालायला गोडं पाणी लागतं. खाऱ्या पाण्यातून आलेल्या माणसाला तर नक्कीच लागतं. ते पाणी मी आठ दिवस सांभाळलं. नवव्या दिवशी तिनं ते शेळीपुढे ओतलं.

जाळ्याचा तुकडा मुकबिलच्या मांडीवर होता. म्हाताऱ्यानं कडेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "हा खडक नाही," तो म्हणाला. "कासव नाही. सरळ कापलंय. हा पंखा आहे." मग त्यानं तो तुकडा दोन्ही मुठींत धरला. "जहाज जाळ्यावर आलं. पोरगा त्याला वळवायला गेला. वल्हं घेऊन गेला. मी शिकवलं त्याला, जलीला. मीच शिकवलं."

"मला शब्द दिला होता त्यांनी," जलीला म्हणाली. "पोरीच्या डोक्यावर हात ठेवून."

तो रडला. ती रडली नाही. मला ओरडायचं होतं. वीस लिटरचं पोट आहे मला, आवाज नाही.

रेडिओवर बातमी आधीच येऊन गेली होती. व्यापारी जहाजावरचा हल्ला उधळला, वेगवान होडी नष्ट, हल्लेखोर ठार. आणि मग बंदूकवाल्यांचा माणूस घरी आला. अबू रअद त्याचं नाव, गावावर नेमलेला. बरोबर पिठाची दोन पोती आणि एक रंगीत पोस्टर. पोस्टरवर फुतैनीचा चेहरा होता, ओळखपत्रावरचा, आणि चेहऱ्याखाली दुसऱ्याच कुणाचं तरी बंदूक धरलेलं अंग. वर 'शहीद' असं लिहिलेलं.

"काका, अभिमान बाळगा," तो म्हणाला. बोलायला गोड होता.

"माझा पोरगा मासे धरायचा," मुकबिल म्हणाला.

"शत्रूच म्हणतोय हल्ला केला म्हणून. साऱ्या जगानं ऐकलं. आणि तुम्ही बाप असून त्याला खाली ओढता?"

"जाळं बघ. हात लावून बघ. पंख्यानं कापलंय."

अबू रअदनं जाळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जलीलाकडे बघून म्हणाला, "दर महिन्याला पीठ येईल. शहिदाच्या घराला येतं. कोळ्याच्या घराला येत नाही."

नवाल पोस्टरकडे बोट दाखवून "बाबा" म्हणाली. जलीलानं पोस्टर घेतलं आणि स्वतःच्या हातानं दारावर लावलं.

म्हाताऱ्यानं त्या पिठाची रोटी खाल्ली नाही. दोन दिवस त्यानं नुसत्या चहावर काढले. तिसऱ्या दिवशी ती त्याच्यापुढे ताट घेऊन बसली. "खा, काका. पीठ पाहिजेच, पण पिठासाठीच नाही लावलं मी ते. तुम्ही म्हणता तसं असेल तर त्यांनी माझी शपथ मोडली. माझ्यापेक्षा, पोरीपेक्षा त्यांना ते फाटकं जाळं मोठं झालं. त्यापेक्षा त्या बंदूकवाल्यांचं खरं असू दे. बळजबरीनं नेलं असेल, असं तरी म्हणता येतं."

म्हाताऱ्यानं रोटी मोडली आणि खाल्ली.

आता मी दारात उभा असतो, पोस्टरच्या खाली. समुद्रावर परत गेलो नाही, कारण जायला घरात कुणी नाही. क्षितिजावर अजून धूर दिसतो, हेलिकॉप्टरं अजून येतात, आणि इकडे गावात दोघंजण आपापल्या परीनं त्या माणसाच्या मरणाचं कारण उराशी धरून बसलेत. बाप म्हणतो, माझ्या शिकवणीनं मेला. बायको म्हणते, शब्द मोडून मेला. दोघांचं चुकतंय आणि ते मला एकट्याला माहीत आहे. त्यानं शब्द मोडला नव्हता. जाळं तो सोडून गेला होता. तो परत वळला ते माझ्यासाठी, म्हणजे तिच्या रोजच्या थट्टेसाठी.

रोज सकाळी ती मला विहिरीवर नेते. माझ्यावरचा डांबराचा मासा तिनं अजून घासून काढलेला नाही. बायकांची पाठ वळली की माझ्या कानाला हात लावून हळूच म्हणते, "तू तेवढा परत आलास."

तुम्ही माणसं आहात, तुम्हाला तोंड आहे. कधी त्या किनाऱ्याला गेलात, खजुरांच्या पलीकडच्या विहिरीवर पिवळा कॅन भरणारी बाई दिसली, तर तिच्याकडे पाणी मागा, ती देईल. हवं तर म्हाताऱ्याजवळ बसा, त्याला सांगा की त्याची शिकवण वाईट नव्हती. पण माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला, होडी कशासाठी वळली ते जलीलाला सांगू नका. नवऱ्यानं शब्द मोडला असंच तिला वाटू द्या.